स्टिल एमएस १८० : आंबा-काजूच्या बागेसाठी पुरेसं कटर मशीन

दापोली-मंडणगड बाजूला बाग असलेल्या माणसाला चेनसॉ, म्हणजे लाकूड कापायचं कटर मशीन, कशाला लागतो हे सांगायची गरज नाही. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, आंबे, फणस, माड, पोफळी नुसत्या आडव्या झाल्या, आणि कोयती-कुऱ्हाडीने ते साफ होणार नाही हे सगळ्यांनाच कळलं. त्यानंतर वाडीवाडीत कटर मशीन दिसायला लागली. त्यातली बरीचशी ऑनलाइन मिळणारी स्वस्तातली, ५८ सीसी आणि २२ इंची बारवाली (बार म्हणजे चेन ज्याच्यावर फिरते ती लांब पट्टी). आमच्याकडेही आधी तसलंच होतं, कंपनीचं नाव घेत नाही. ताकद आहे त्यात, पण बागेतलं रोजचं काम म्हणजे आंब्याची वाळकी फांदी, मेलेला काजू, वाटेत पडलेली पोफळ आणि पावसाच्या आधीची फाटी, एवढ्यासाठी ते जड धूड घेऊन उतारावर उभं राहिलं की अर्ध्या तासात हात भरून येतात, आणि दमलेल्या हातात चेनसॉ असणं हीच खरी भीतीची गोष्ट.

म्हणून आता स्टिल कंपनीचं एमएस १८० वापरतोय. ३१.८ सीसीचं इंजिन, बार आणि चेन सोडून वजन ४ किलोच्या आसपास, १४ किंवा १६ इंची बार. मी १४ घेतला आणि माझं मत असं की बागायतदाराने १४च घ्यावा. किंमत त्या ऑनलाइनवाल्याच्या तिपटीच्या घरात जाते, हे पहिल्यांदा टोचतं. पण स्पेअर पार्ट लगेच मिळतात, चेन, बार, फिल्टर, स्टार्टरची दोरी सगळं, आणि माझ्या दृष्टीने पैसे त्याचेच दिलेत.

चालू करणं. एकच खटका आहे, बंद, चालू, अर्धा चोक, पूर्ण चोक (चोक म्हणजे थंड इंजिन चालू करताना हवा कमी करून पेट्रोल जास्त देणारी सोय). मशीन जमिनीवर ठेवायचं, चेन ब्रेक, म्हणजे पुढच्या हँडलसमोरचा दांडा, पुढे ढकलून लावायचा, मागच्या हँडलमध्ये बुटाचं टोक घालून दाबून धरायचं. थंड असेल तर पूर्ण चोक, दोरी ओढत राहायची, आणि एक बारीक ‘फुट्’ असा आवाज येतो तिथे थांबायचं. तो आवाज कान देऊन ऐका, बहुतेक जण तो सोडतात आणि ओढतच बसतात, मग पेट्रोल जास्त होऊन प्लग भिजतो. आवाज आला की लगेच अर्धा चोक, परत ओढायची, चालू झालं की ट्रिगर एकदा दाबून सोडायचा. प्लग भिजलाच तर काढून पुसायचा, खटका बंदवर ठेवून प्लगशिवाय थोडी दोरी ओढायची, प्लग परत लावायचा, होतं चालू. एका हाताने लोंबकळत धरून दोरी ओढणारे खूप बघितलेत, कृपा करून तसं करू नका.

आता पेट्रोल, कारण ‘मशीन चालू होत नाही’च्या निम्म्या तक्रारी इथेच संपतात. पेट्रोलमध्ये मिसळायचं टूटी (टू-स्ट्रोक) ऑइल स्टिल कंपनीचंच असेल तर १ लिटरला २० मिली, दुसरं कुठलं चांगलं टूटी असेल तर कंपनी ४० मिली सांगते. अंदाजाने झाकणभर ओतू नका, ऑइल कमी पडलं तर पिस्टन जाम होतो आणि तो खर्च नव्या मशीनच्या जवळ जातो. शिवाय आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते ओलावा ओढतं, आणि आपल्याकडची पावसाळी हवा तुम्हाला माहितीच आहे. म्हणून लागेल तेवढंच मिक्स करायचं. काम संपून मशीन महिनाभर पडून राहणार असेल तर टाकी रिकामी करायची आणि आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचं. कार्बोरेटरमध्ये एक पातळ पडदा असतो, पेट्रोल तसंच राहिलं की तो पापडासारखा कडक होतो आणि मग ओढा कितीही.

जुन्या मशीनच्या वेळी एका दुकानात मला सरळ ‘कार्बोरेटर गेला, नवीन टाका’ सांगितलं होतं. दुसऱ्या मिस्त्रीदादांकडे नेलं, त्यांनी टाकीत आकड्याची तार घालून पेट्रोलचा फिल्टर बाहेर ओढला, तो काळा पडून गच्च झालेला, नवीन बसवला आणि मशीन चालू. ‘आधी फिल्टर, प्लग, मग हवेचा फिल्टर, कार्बोरेटर सगळ्यात शेवटी’, असं म्हणाले. तेव्हापासून मीही ह्याच क्रमाने बघतो.

चेन मात्र स्वतः घासायला शिका. लाकडातून जाड चिप्स उडत असतील तर धार आहे, पिठासारखा भुसा पडायला लागला की थांबायचं, जोर लावून कापू नका, त्यात बारही खराब होतो. दात उन्हात धरून बघा, कडेवर पांढरी चकाकी दिसली म्हणजे तिथे धार गेली, धारदार कडेवर उजेड चमकत नाही. ह्या चेनला ४ मिमीची गोल कानस, ५८ सीसीवाल्यांच्या चेनला बहुतेक ४.८ लागते, एकाची दुसऱ्याला चालत नाही. ३० अंशात, आतून बाहेर, एकाच दिशेने, प्रत्येक दाताला सारखेच हात. माडाला आणि जमिनीवर पडलेल्या मातीने माखलेल्या ओंडक्याला चेन फार लवकर बोथट होते, म्हणून एक चेन जास्तीची ठेवाच. नवीन घेताना बारवर जो साइज आणि लिंकचा आकडा छापलेला असतो त्याचा फोटो दुकानदाराला दाखवा.

चेनचं ऑइल म्हणून गाडीचं जळकं काळं ऑइल घालतात आमच्याकडे, ते नको, त्यातली घाण पंपात आणि बारच्या खाचेत बसते. ऑइल येतंय का बघायचं तर बारचं टोक पुठ्ठ्यासमोर थोडं लांब धरून रेस द्या, तेलाची रेघ उमटली पाहिजे. काम झालं की चेन सैल करायची, गार झाली की ती आखडते.

मुळासकट उलटलेलं झाड कापताना मात्र खूप जपा. बुंधा सुटला की मुळांचा गड्डा परत खड्ड्यात बसू शकतो, त्याच्या मागे कोणी उभं नको, पोरं तर अजिबात नकोत. आणि बारच्या टोकाचा वरचा भाग कशालाही टेकू देऊ नका, मशीन एका क्षणात तोंडावर येतं. चष्मा आणि बूट पाहिजेतच.

उभा आंबा, फणस, साग, ऐन, किंजळ तोडायचा असेल तर स्वतःच्या जागेतला असला तरी १९६४ च्या झाडतोडीच्या कायद्याप्रमाणे परवानगी लागते, ते आधी बघून घ्या.

फणसाचे जुने जाड बुंधे किंवा दिवसभर लाकडाचंच काम असेल तर हे मशीन घेऊ नका, ५० सीसीच्या वरचं चांगलं बघा. आमच्याकडे वर्षातून एखादा तसा बुंधा निघतो, त्याला मोठ्या मशीनवाल्याला भाड्याने बोलावतो, बाकी सगळं ह्याच्यावर होतं.