बांधालगतच्या हवेची कीटकनाशक तपासणी: एका प्रयोगशाळेचा अनुभव

निर्यातीचा माल बागेतून निघण्यापूर्वी त्यातील रेसिड्यू, म्हणजे फवारलेल्या औषधांचे उरलेले अंश, आम्ही न चुकता तपासून घेतो. ज्या ओट्यावर बसून ब्लोअरचे (फवारणी यंत्राचे) धुके वर्षानुवर्षे अंगावर घेतो, तेथील हवा मात्र कधी तपासली नव्हती. निफाड तालुक्यातील आमचे घर द्राक्षबागेच्या बांधाला लागूनच आहे, म्हणून या वेळी गोडी छाटणीनंतर (फळांसाठी केलेल्या छाटणीनंतर), डाऊनी या बुरशीजन्य रोगावरच्या फवारण्या चालू असताना, एका खासगी प्रयोगशाळेकडून ते काम करून घेतले.

नमुने घेण्याचे काम चोख झाले. फवारणीच्या दिवशी आणि त्यानंतरच्या दिवशीही नमुना घ्यावा, असा आग्रह त्यांनीच धरला, कारण काही औषधे पानांवरून नंतरही वाफेच्या रूपाने हवेत येत राहतात. नाकाच्या उंचीला बांधलेल्या पंपाने मिनिटाला 4 लिटर या वेगाने 24 तास, म्हणजे एकूण 5.76 घनमीटर हवा, फोम आणि शोषक राळ भरलेल्या काचनळीतून ओढली. भारनियमनात पंप थांबू नये म्हणून बॅटरी जोडलेली होती, आणि प्रवाहाचा वेग सुरुवातीला व शेवटी असा दोनदा मोजला गेला. एक नळी नुसती उघडून, हवा न ओढताच बंद केली, म्हणजे हाताळताना किंवा वाटेत काही मिसळल्यास ते ओळखू यावे. (या रिकाम्या नळीचे पैसे कशाला, हे वडिलांना अजून पटलेले नाही.)

निराशा झाली ती अहवालाने. तपासलेल्या औषधांची यादी लांबलचक होती, पण ज्याच्या फवारण्या आमच्याकडे सर्वांत जास्त होतात ते मॅन्कोझेब हे बुरशीनाशक तिच्यात नव्हते, आणि छाटणीनंतर कोंब फुटावेत म्हणून वेलीच्या डोळ्यांना लावले जाणारे हायड्रोजन सायनामाइडही नव्हते. मॅन्कोझेबचे कार्बन डायसल्फाइडमध्ये रूपांतर करून ते वेगळ्या पद्धतीने मोजावे लागते, हे मान्य. परंतु फवारणीची वही आधी मागून घेतली असती, तर ही उणीव पैसे भरण्यापूर्वीच कळली असती. अनेक नावांपुढे केवळ ‘आढळले नाही’ असे छापले होते. किती नॅनोग्रॅमच्या खालचे यंत्राला मोजता येत नाही, तो तक्ता दोनदा विचारल्यावर मिळाला. वाऱ्याच्या दिशेची नोंद तर नव्हतीच, त्यामुळे सापडलेले औषध आमच्या बागेतले की शेजारच्या, हे सांगता येत नाही.

एका बाबतीत मात्र त्यांना दाद द्यावी लागेल. 2009 च्या राष्ट्रीय हवा गुणवत्ता मानकांत 12 प्रदूषके आहेत आणि त्यांत एकही कीटकनाशक नाही. त्यामुळे मी विनंती करूनही अहवालावर ‘सुरक्षित’ असा शेरा मारण्यास त्यांनी नकार दिला.

पुढच्या छाटणीला यांनाच बोलावणार आहे, पण मॅन्कोझेबची वेगळी तपासणी आणि वाऱ्याची नोंद या दोन्ही गोष्टी कोटेशनमध्ये लिहून घेतल्यावरच.