एकच रिसीव्हर की प्री-आउटवाला रिसीव्हर आणि वेगळा अॅम्प? मराठवाड्यातला उन्हाळा धरून तुलना

रिसीव्हरच्या (टीव्ही-सिनेमाचा आवाज घेऊन सगळे स्पीकर चालवणाऱ्या डब्याच्या) खोक्यावर वॉटचा आकडा ठळक असतो आणि तो कोणत्या अटींवर मोजला, ते बारीक अक्षरात असतं. '६ ओहम, १ किलोहर्ट्झ, १० टक्के डिस्टॉर्शन, एक चॅनल चालू' असं दिसलं तर तो आकडा सोडून द्या. '८ ओहम, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, दोन चॅनल चालू' हा आकडा तुलनेला घ्यायचा, आणि पाच-सात चॅनल एकदम ओढले की तोही बराच खाली येतो हे धरून चालायचं, कारण आत ट्रान्सफॉर्मर एकच असतो. इथपर्यंत पुणे-मुंबईतल्या गिऱ्हाइकालाही हेच लागू आहे. परभणी, लातूर, नांदेड, संभाजीनगरकडे घेणाऱ्याला मात्र आणखी दोन आकडे हवेत, जे कुठल्याच खोक्यावर छापत नाहीत: मे महिन्यात त्या खोलीचं तापमान आणि रात्री आठ वाजता सॉकेटवर येणारे व्होल्ट.

पहिला पर्याय म्हणजे सगळं एकाच डब्यात. डेनॉनचा एव्हीआर-एक्स१८००एच घ्या: ७.२ चॅनल (सात स्पीकर आणि बासचे दोन सबवूफर), चॅनलमागे ८० वॉट, रूम करेक्शनला (खोलीनुसार आवाज सुधारायला) ऑडिसी मल्टइक्यू एक्सटी, प्री-आउट (बाहेरच्या अॅम्पला सिग्नल देणारी सॉकेट) फक्त सबवूफरचे. सोबत स्वतःचा अॅम्प असलेला सबवूफर. दुसरा पर्याय म्हणजे त्याच घराण्यातला एक्स३८००एच: ९.४ चॅनल, १०५ वॉट, मल्टइक्यू एक्सटी३२, सगळ्या चॅनलचे प्री-आउट, आणि समोरच्या तीन स्पीकरला बाहेरून क्लास डी (कमी तापणाऱ्या जातीचा) पॉवर अॅम्प. याला पहिल्याच्या दुपटीहून जास्त पैसे जातात. ही नावं उदाहरणादाखल आहेत. ऑन्क्यो आणि यामाहाच्या यादीतही अशीच लहान-मोठी जोडी सापडते.

खरंच किती वॉट लागतात?

८८ डीबी सेन्सिटिव्हिटीचा (१ वॉटला १ मीटरवर ८८ डीबी आवाज देणारा) स्पीकर, बसायची जागा ३ मीटरवर. अंतरामुळे साधारण साडेनऊ डीबी जातात, बंद खोली त्यातले तीनेक परत देते. म्हणजे १ वॉटला कानाशी ८१-८२ डीबी. कॅलिब्रेशन (माइक लावून रिसीव्हरकडून खोली मोजून घेणं) झाल्यावर रिसीव्हरचा ० म्हणजे रेफरन्स पातळी, म्हणजे प्रत्येक मुख्य चॅनलचा कमाल ठोका १०५ डीबी. घरात बहुतेक जण उणे १५ ते उणे १० वर बघतात. उणे १० ला ठोका ९५ डीबीचा, त्याला लागतात २२ वॉट. उणे १५ ला सात.

म्हणजे १२ बाय १४ च्या खोलीत ८० वॉटचा रिसीव्हर रेटून पुरतो. १६ बाय २४ चा हॉल, साडेचार मीटरवर सोफा आणि उणे ५ चा आवाज असेल, तर त्याच स्पीकरला दीडशेच्या वर वॉट लागतात. तिथे पहिला पर्याय संपतो. पण अॅम्पच्या आधी स्पीकरकडे बघा: ९२ डीबीचा स्पीकर घेतला तर तेच काम साठ-पासष्ट वॉटमध्ये होतं. अॅम्पवर पैसे टाकण्यापेक्षा हा सौदा बहुतेक वेळा स्वस्त पडतो, आणि उष्णतेचा त्रासही वाढत नाही.

उष्णता

क्लास एबी, म्हणजे या रिसीव्हरच्या आत असतो त्या जातीच्या अॅम्पची ८ ओहमवरची कार्यक्षमता पुस्तकात ७८ टक्के दिसते, ती पूर्ण ताकदीवरची. सिनेमा बघताना अॅम्प सरासरी त्याच्या आठव्या हिश्शावरही चालत नाही, आणि तिथे ती २८ टक्क्यांच्या आसपास उतरते. स्पीकरला १० वॉट गेले की हीटसिंकवर २५ वॉट उरतात. शिवाय नुसता चालू ठेवलेला, एकही आवाज न काढणारा मध्यम रिसीव्हर साधारण ४० ते ६० वॉट ओढतो, आणि ते सगळे उष्णतेतच जातात. यात एचडीएमआय आणि डीएसपीच्या (आवाजावर प्रक्रिया करणाऱ्या) चिपांचा वाटा मोठा असतो. म्हणूनच 'आवाज तर कमीच ठेवतो, तरी एवढा का तापतो?' हा प्रश्न दुकानात रोज ऐकू येतो.

अनेक कंपन्यांच्या पुस्तिकेत वापरायचं तापमान ३५ अंशांपर्यंत दिलेलं असतं. आपल्याकडे मेमध्ये बाहेर ४२ असताना, वरच्या मजल्यावर स्लॅबखालची खोली संध्याकाळी सहा वाजताही ३८ च्या पुढे असते. पत्र्याच्या खोलीचं तर बोलायलाच नको. रिसीव्हर चालू करायच्या आधीच मर्यादा ओलांडलेली असते. त्यात तो टीव्ही युनिटच्या सनमायका लावलेल्या बंद खणात, वर क्रोशाचं आच्छादन, त्यावर सेट टॉप बॉक्स आणि बॉक्सवर फुलदाणी. त्या खणाची हवा तासाभरात ५० च्या वर जाते. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य दर १० अंश वाढीमागे साधारण निम्मं होतं. पावसाळ्यात काही जाणवत नाही, तिसऱ्या-चौथ्या उन्हाळ्यात एचडीएमआयचं चित्र तुटायला लागतं.

दोन्ही पर्यायांत इथे काय फरक पडतो? क्लास डी अॅम्प चांगल्या भाराखाली ८५-९० टक्के कार्यक्षम असतो आणि नुसता चालू असताना फार थोडे वॉट खातो. समोरचे तीन चॅनल, म्हणजे सगळ्यात जास्त काम करणारे, त्याच्याकडे गेले की तेवढी उष्णता रिसीव्हरच्या डब्यातून बाहेर पडते. पण रिसीव्हरची मुळातली, चिपांची आणि बायसची (अॅम्प नुसता चालू असताना वाहणाऱ्या करंटची) उष्णता तिथेच राहते. 'वेगळा अॅम्प लावला की रिसीव्हर गार राहतो' हे अर्धंच खरं आहे. मोठा रिसीव्हर रिकामा असतानाही लहानाइतका किंवा जास्तच तापतो.

म्हणून कोणताही घ्या, जागा मोकळीच हवी. काही पुस्तिका वर ३० सेंमी आणि बाजूंना, मागे २० सेंमी मागतात. तेवढी नसेल तर खणाचा मागचा प्लाय पूर्ण काढा आणि वरच्या जाळीवर कॉम्प्युटरचा १२० मिमी पंखा ठेवा. हवा वर ओढेल असाच ठेवायचा, आत ढकलणारा नाही. १२ व्होल्टचा पंखा ७ ते ९ व्होल्टच्या अडॅप्टरवर चालवला की आवाज करत नाही. डेनॉनमध्ये इको मोड 'ऑटो' ठेवला तर कमी आवाजात उष्णता उतरते. स्टँडबायमध्ये नेटवर्क चालू ठेवायची सेटिंग बंद करा, नाहीतर रात्रभर आत काहीतरी उबदार राहतं, आणि त्या उबेला पाली येतात. पाल ट्रान्सफॉर्मरजवळ सापडणं ही इथल्या दुरुस्तीवाल्यांना नवी गोष्ट नाही.

रिसीव्हर मध्येच बंद पडला तर लाल दिवा बघा. डेनॉनमध्ये साधारण दोन सेकंदांनी लुकलुकत असेल तर तापून बंद पडला आहे. अर्ध्या सेकंदाने लुकलुकत असेल तर स्पीकरच्या वायरची एखादी सुटी तार शेजारच्या टर्मिनलला चिकटली आहे का ते आधी तपासा.

कूलरच्या झोतात ठेवणं हा उपाय नव्हे. बोअरचं क्षाराचं पाणी कूलरमधून तुषार होऊन उडतं आणि जाळीतून आत बोर्डावर पांढरा थर धरतं.

व्होल्ट कमी, वॉट कमी

साध्या ट्रान्सफॉर्मरच्या रिसीव्हरमध्ये ताकद व्होल्टच्या वर्गाने बदलते. २३० चे १९० झाले की ८० वॉटचे ५४-५५ उरतात. १२ बाय १४ च्या खोलीत याने काही बिघडत नाही. मोठ्या हॉलमध्ये मात्र नेमक्या जोराच्या प्रसंगाला आवाज फाटतो आणि दोष स्पीकरला जातो. रात्री उशिरा शेतीपंप बंद झाल्यावर व्होल्ट २५० कडे चढले, तर नुसता चालू असलेला क्लास एबी अॅम्प आणखी तापतो. बऱ्याच क्लास डी अॅम्पमध्ये १०० ते २४० व्होल्टवर चालणारा एसएमपीएस (स्विचिंग पॉवर सप्लाय) असतो, त्याला १९० चं सोयरसुतक नसतं. गावाच्या टोकाला, डीपीपासून लांब घर असेल तर दुसऱ्या पर्यायाच्या बाजूने हा सगळ्यात वजनदार मुद्दा आहे.

पहिल्या पर्यायाला १ केव्हीएचा सर्व्हो स्टॅबिलायझर पुरतो, फ्रीज त्यावर जोडू नका. इन्व्हर्टर साइन वेव्हचाच हवा. स्क्वेअर वेव्हवर ट्रान्सफॉर्मर गुरगुरतो आणि तापतो. वळवाच्या पावसात विजा कडाडायला लागल्या की नुसता प्लग काढून भागत नाही, डिशची केबलही सेट टॉप बॉक्समधून काढा. वीज त्या केबलने येते आणि एचडीएमआयमधून रिसीव्हरचा बोर्ड घेऊन जाते.

प्रोसेसिंग

खरा फरक इथे आहे. डॉल्बी अॅटमॉस आणि डीटीएस:एक्स (डोक्यावरूनही येणाऱ्या आवाजाचे प्रकार) दोन्ही डबे उलगडतात. त्यासाठी मोठा घेण्यात अर्थ नाही. फरक आहे तो रूम करेक्शनमध्ये. एक्सटीचे फिल्टर सबवूफरसाठी बारीक आणि बाकी स्पीकरसाठी ढोबळ असतात, एक्सटी३२ चे दोन्हीकडे बारीक. एक्स३८००एच मध्ये चार सबवूफरचं अंतर आणि पातळी वेगवेगळी लावता येते. लहान डब्याचे दोन सब-आउट एकच सिग्नल देतात. एक्स३८००एच मध्ये डिरॅक लाइव्ह हे दुसरं रूम करेक्शन पैसे भरून मिळतं, ऑन्क्योच्या टीएक्स-आरझेड५० मध्ये ते सोबतच येतं.

१२ बाय १४, उंची १० फूट अशा खोलीत ४०, ४७ आणि ५६ हर्ट्झच्या आसपास बास फुगतो. फुगवटे कापणं डीएसपीला सोपं जातं आणि त्याला अॅम्पची ताकद लागत नाही. जिथे बास कमी पडतो तो खड्डा भरायला गेलं की ३ डीबीला दुप्पट आणि ६ डीबीला चौपट वॉट लागतात, म्हणजे तीच उष्णता परत मागच्या दाराने येते. खड्डा सबवूफर फूटभर सरकवून भरा. सगळे स्पीकर 'स्मॉल', क्रॉसओव्हर ८० हर्ट्झ, म्हणजे त्याखालचा बास सबवूफरकडे जातो. टॉवर स्पीकर आहेत म्हणून 'लार्ज' ठेवणारे खूप आहेत, पण त्याने सगळ्यात जड काम सबवूफरकडून काढून रिसीव्हरच्या गळ्यात पडतं. लहान रिसीव्हर उन्हाळ्यात टिकवायचा असेल तर ही एक सेटिंग पंख्याहून जास्त कामाची आहे.

शहाबादी फरशी, गिलाव्याच्या उघड्या भिंती, वर स्लॅब: अशा खोलीचा घुमारा डिरॅकनेही जात नाही, ऑडिसीनेही नाही. जाड सतरंजी, पडदे, मागच्या भिंतीवर एखादी गोधडी, मगच माइक लावा. मोजणी कूलर आणि पंखा बंद करून करायची, आणि लाईट जाणार नाही अशा वेळी, कारण माइकच्या आठपैकी सहाव्या जागी लाईट गेली की पहिल्यापासून सुरुवात. एक शंका हमखास येते, की उन्हाळ्यात परत मोजावं का? २० अंशांना ध्वनीचा वेग ३४३ मीटर, ४० ला ३५५. खोलीचा ४७ हर्ट्झ साडेअठ्ठेचाळीस होतो. एवढ्यासाठी माइक काढायची गरज नाही.

कूलरचा आवाज मात्र खरा शत्रू आहे. त्याची घरघर संवाद गिळते आणि माणूस एकूण आवाज वाढवतो, म्हणजे अॅम्प आणखी तापतो. त्याऐवजी सेंटर स्पीकर २ ते ३ डीबी वाढवा, डायनॅमिक व्हॉल्यूम (मोठ्या-लहान आवाजातला फरक कमी करणारी सेटिंग) 'लाइट' ठेवा. एक्स३८००एच मध्ये दोन स्पीकर प्रीसेट साठवता येतात: एक कूलर चालू असतानाचा, एक हिवाळ्याचा. रोजच्या वापरात ही सोय खूप उपयोगी पडते.

वेगळा अॅम्प निवडताना

गेन म्हणजे अॅम्प सिग्नल किती वाढवतो ते. २९ डीबी गेनच्या अॅम्पला ८ ओहमवर १०० वॉट द्यायला १ व्होल्ट इनपुट पुरतो. रिसीव्हरचा प्री-आउट तेवढा आरामात देतो. २१ डीबी गेनच्या अॅम्पला अडीच व्होल्ट लागतात, आणि तिथे बरेच रिसीव्हर आधीच फाटायला लागलेले असतात. जोडल्यावर कॅलिब्रेशन नव्याने करा. समोरच्या चॅनलची पातळी उणे १२ डीबीला टेकली तर गेन जास्त आहे.

ऑनलाइन मिळणाऱ्या '३०० वॉट गुणिले दोन' छोट्या डब्यांचा अडॅप्टर वाचा. ४८ व्होल्ट ५ अँपिअर म्हणजे दोन्ही चॅनल मिळून २४० वॉट, आणि त्यातला काही भाग वाटेतच जातो. काहींसोबत ३२ व्होल्टचाच अडॅप्टर देतात, तिथे १६०.

दोन डबे जोडले की गुणगुण यायची शक्यता वाढते. आपल्याकडे खाली काळा खडक, उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा ठणठणीत. मल्टिमीटरने न्यूट्रल आणि अर्थमध्ये ५ व्होल्टच्या वर दिसले तर खड्ड्यात पाणी घाला आणि वायरमनला बोलवा. डिशची केबल काढल्यावर गुणगुण थांबली तर दोष त्या केबलच्या वाटेचा. प्लगची अर्थपिन मोडून गुणगुण घालवणं जिवावर बेतू शकतं.

साउंडबार कोणी घ्यावा? भाड्याचं घर, वायर नकोत, खोली दहा बाय दहा. तापत नाही, पण बिघडला तर दुरुस्त होण्याची आशा कमी. बारीक उंचीचे स्लिम रिसीव्हर बंद खणात बसवायच्या मोहाने घेऊ नका. डबा बारीक म्हणजे आतली हवाही कमीच.

१२ बाय १४ आणि स्टॅबिलायझर घ्यायची तयारी असेल तर पहिला पर्याय घ्या, वाचलेल्या पैशातून चांगला सबवूफर आणा. मोठा हॉल, दोन-तीन सबवूफर किंवा कायम १९० व्होल्ट असतील तर दुसरा. त्यात अॅम्प आधी न घेता नुसता एक्स३८००एच आणून एक उन्हाळा काढता येतो. आवाज फाटतोय असं दिसलं तरच तीन चॅनलचा अॅम्प जोडा. बिघाड झाला तर दोन डब्यांतला एकच पाठवावा लागतो, हाही फायदा. पाठवणं म्हणजे संभाजीनगर किंवा पुणे, आणि नांदेडकरांना पुण्यापेक्षा हैदराबाद जवळ. साडेबारा किलोचं धूड थर्माकोलशिवाय एसटीच्या डिकीत जात नाही, म्हणून मूळ खोकं माळ्यावर जपून ठेवा.