पाचशे हे वॉट नव्हते, ते नुसतं नाव होतं

भाच्याचा पीसी जुळवताना प्रोसेसर कुठला, रॅम किती यावर आम्ही चार रात्री घालवल्या. एसएमपीएसवर, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्यावर, चार मिनिटंही नाहीत. दुकानदार म्हणाला, "साहेब, कॅबिनेटबरोबर पाचशे वॉटचा देतो, सातशे द्या वरती. सगळे हाच नेतात." हातात घेतला तर चांगला जड लागला. घेऊन टाकला.

आठ महिने चालला. व्हिडिओ रेंडरला लावला की मशीन मधूनच रीस्टार्ट व्हायचं. आम्ही विंडोजच्या नावाने बोटं मोडत दोनदा फॉरमॅट मारला. मग एका संध्याकाळी फट्‌ असा आवाज, जळका वास, आणि घरातला एमसीबी पडला. एसएमपीएस गेला तो मदरबोर्ड आणि हार्ड डिस्कला सोबत घेऊनच.

दुकानदाराने हसतमुखाने तसलाच दुसरा काढून दिला. बोर्ड, डिस्क? "त्याची वॉरंटी आम्ही कशी देणार?" भांडायला बिल काढलं, तर त्यावर 'वॉट' हा शब्दच नाही. 'एसएमपीएस ५००, १ नग.'

जळालेला डबा ओळखीच्या रिपेअरवाल्याने उघडला. (तुम्ही उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या आसपास चार्ज राहू शकतो.) फिल्टरच्या कॉइलसाठी बोर्डावर जागा छापलेली, भोकंही पाडलेली, आणि तिथे कॉइलऐवजी तारेचे तुकडे. व्होल्टेज वाढलं तर सप्लाय बंद करणारं सर्किट शोधूनही सापडलं नाही. १२ व्होल्टची लाइन ११.४ ते १२.६ मध्ये राहायला हवी. ती त्याबाहेर वर गेली की डिस्क मरणारच, तो म्हणाला. आणि ते वजन? कोपऱ्यात स्क्रूने आवळलेला लोखंडी ठोकळा. त्याला एकही वायर जोडलेली नव्हती.

सगळ्यात चीड आली ती लेबल वाचून. १२ व्होल्टसमोर १४ अँपियर. गुणाकार करा: १६८ वॉट. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड प्रामुख्याने याच लाइनवर चालतात. '५००' हा आकडा फक्त मॉडेलच्या नावात. आठ महिने हे लेबल आमच्याच घरात होतं!

तेव्हा दुकानात लेबलवरची १२ व्होल्टची ओळ वाचा आणि गुणाकार तिथेच, दुकानदारासमोर करा. बिलावर वॉट लिहून मागा. लिहायला नाही म्हणाला तर निघा. '८० प्लस'चं (वीज कमी वाया घालवण्याच्या प्रमाणपत्राचं) स्टिकर कोणीही छापतं, ते मॉडेल '८० प्लस'च्या अधिकृत यादीत आहे का ते मोबाइलवर बघा.

बदलून मिळालेला नग माळ्यावर पडून आहे. भंगारवाला वजनावर पैसे देतो म्हणाला. ठोकळ्याचा तेवढा उपयोग.