'जॅक यू' की 'रँडम अ‍ॅक्सेस मेमरीज': आधी कोणता ऐकाल?

सांगलीत इलेक्ट्रॉनिक डान्स म्युझिकशी बहुतेकांची गाठ पडते ती मिरवणुकीतल्या डॉल्बीसमोर. तिथे गाणी तुकड्यातुकड्यांनी कानावर येतात, अख्खा अल्बम कुणी लावत नाही. आता सलग काहीतरी ऐकायचं मनात असेल तर अनेकांनी मिळून केलेले हे दोन अल्बम समोर ठेवतो. स्क्रिलेक्स आणि डिप्लो या दोन डीजेंचा 'जॅक यू' २०१५ चा, डाफ्ट पंक या फ्रेंच जोडीचा 'रँडम अ‍ॅक्सेस मेमरीज' २०१३ चा. सर्वोत्तम डान्स अल्बमचं ग्रॅमी दोघांनाही मिळालंय, त्यामुळे पुरस्कार बघून निवडायची सोय नाही.

लांबीत मात्र फार फरक. 'जॅक यू' दहा ट्रॅकचा, जेमतेम अर्ध्या तासाचा. सांगलीतून निघून मिरज स्टेशन गाठेपर्यंत बहुतेक उरकतो. दुसरा ७४ मिनिटांचा, कोल्हापूरची वाट धरली तरच पुरता ऐकून होईल.

'जॅक यू'ची खरी कमाई म्हणजे 'व्हेअर आर यू नाऊ'. त्यातली ती बासरीसारखी चिरकी धून वाद्याची नाहीच. जस्टिन बीबरचाच आवाज ताणून, वर चढवून, वाकवून ती केलीय. पाहुण्या गायकाचा आवाज कच्चा माल म्हणून वापरणं ही या जोडीची ताकद. आणि दुबळी बाजूही तीच. पाहुणे बदलत राहतात, पण दोघांचा ठसा इतका गडद की पाचव्या गाण्यानंतर कोण गातंय याने फारसा फरक पडत नाही. सोका म्हणजे त्रिनिदादकडचं नाचाचं संगीत; तिथला सोका गायक बंजी गार्लिन 'जंगल बे'मध्ये आहे, तेवढा एक आपला तोरा टिकवून राहतो. हलगीवर नाचलेल्या पायांना ते गाणं लगेच पटावं. 'फेब्रीझ' मला भरतीचं वाटतं. शिवाय २०१५ चे ते ड्रॉप, म्हणजे ताण वाढवून ठेका एकदम कोसळवायच्या जागा, आता जुने वाटायला लागलेत, हे मान्य करायला हवं.

डाफ्ट पंकची रीत अगदी उलटी. इथे पाहुण्याला त्याचं त्याचं काम करू दिलंय. 'गेट लकी'त नाईल रॉजर्सची गिटार ऐका: गाणं मिनिटाला ११६ ठोक्यांचं, निवांत, पण त्या तुटक छेडण्यामुळे पाय थांबत नाही. ड्रम, बास बहुतांशी माणसांनी वाजवलेले, सॅम्पल, म्हणजे जुन्या रेकॉर्डमधून उचललेले तुकडे, जवळजवळ नाहीतच. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत जवारी लावताना, म्हणजे तारेला झंकार यावा म्हणून घोडी घासताना, ज्याने कान देऊन ऐकलंय, त्याला तारेवर पडलेल्या बोटाचा हा फरक समजावून सांगावा लागणार नाही. 'जॉर्जिओ बाय मोरोडर' तर नऊ मिनिटांचं आणि त्यात डिस्कोचे बुजुर्ग मोरोडर एक सूरही वाजवत नाहीत, फक्त स्वतःची गोष्ट सांगतात. बोलणं थांबलं की सिंथ (इलेक्ट्रॉनिक सुरांचं यंत्र) सुरू होतो, पुढे तंतुवाद्यं, मग ड्रमचा धुमाकूळ. कुणाचं नुसतं बोलणं घेऊन इतकं मोठं गाणं उभं करायला धाडस लागतं.

पण हा अल्बम मध्येच रेंगाळतो. 'टच'मध्ये नाटकीपणा जरा जास्तच झालाय, आणि हळू गाणी एकामागोमाग आली की हात पुढच्या ट्रॅककडे जातो. नाचायला म्हणून लावाल तर तिघा-चौघांचीच सोबत मिळेल.

मग घ्यायचा कोणता? वरातीत वाजवत असाल, किंवा वाजवायला शिकत असाल, तर 'जॅक यू'. आवाज कापणं-जोडणं त्यात उघड ऐकू येतं आणि मोबाईलच्या स्पीकरवरही त्या चिरक्या धुना तग धरतात. घरी बऱ्यापैकी हेडफोन असतील तर मात्र मी बेधडक डाफ्ट पंककडे जाईन. मोबाईलवर त्यातला बास गळून जातो आणि उरतं ते छान-छान पार्श्वसंगीत. सुरुवात 'गेट लकी'ने करू नका, ते कुठेतरी ऐकलेलं असणारच. थेट 'जॉर्जिओ' लावा. नऊ मिनिटं बसवलं नाही, तर अल्बम तुमच्यासाठी नाही.