गूगल मॅप्स की ओपनस्ट्रीटमॅप?

२००४ साली ब्रिटनमध्ये सुरू झालेला ओपनस्ट्रीटमॅप हा स्वयंसेवकांनी रेखाटलेला, कोणालाही सुधारता येणारा नकाशा आहे. २००५ साली आलेले गूगल मॅप्स मात्र एका कंपनीच्या मालकीचे आहे. पुण्या-मुंबईच्या रहदारीत गूगलला तोड नाही, कारण रस्त्यावरील असंख्य फोनांच्या स्थानावरून आणि वेगावरून कोंडी कुठे झाली आहे, हे ते जवळजवळ तत्काळ दाखवते. अर्थात, ही सोय आपल्याच हालचालींच्या नोंदींवर उभी आहे, हे सहसा कोणी लक्षात घेत नाही. सह्याद्रीतील पायवाटांसाठी मी ओपनस्ट्रीटमॅपच निवडेन: भटक्यांनी नोंदवलेल्या वाटा त्यात अनेकदा अधिक तपशिलाने सापडतात आणि त्यावर आधारलेली ऑसमँडसारखी अ‍ॅप्स नेटवर्कशिवायही चालतात. दुकानांच्या वेळा पाहायच्या असतील, तर तो फारसा उपयोगी नाही.