किल्लीचा मेट्रोनोम घ्यावा का? घरी पियानो शिकवणाऱ्यांसाठी

मेट्रोनोम म्हणजे ठरवलेल्या वेगाने ठोके देणारं यंत्र. फोनमध्ये त्याचं फुकट ॲप असताना किल्ली द्यायचा, पिरॅमिडच्या आकाराचा लाकडी मेट्रोनोम कशाला, असं मला पालक विचारतात आणि घरी शिकवण्या घेणारे माझ्यासारखे शिक्षकही विचारतात. माझं उत्तर सरळ आहे. विद्यार्थ्यांत दहाच्या आतली मुलं असतील तर जरूर घ्या. फक्त मोठ्यांनाच शिकवत असाल तर ॲपवर भागेल.

मुलांसाठी घ्यायचा तो लंबकासाठी. ॲपचा ठोका पडला की मगच कळतो, लंबक मात्र येताना दिसतो. लहान मुलं घाई करतात ती दोन ठोक्यांच्या मधल्या जागेत, आणि ती जागा त्यांना इथे डोळ्यांनी दिसते. म्हणून मी पियानोला हात लावू देण्याआधी लंबकाबरोबर नुसतं डोलायला लावते, मग टाळ्या, मग मधल्या सी या सुराची एकच पट्टी, आणि त्यानंतर धडा. (फोन समोर ठेवला की मूल ठोका सोडून बाकी सगळं बघतं, ते आणखी वेगळंच.)

लंबकाच्या दांडीवरचं वजन वर-खाली सरकवून वेग ठरतो; ते काम मुलांकडेच द्या. दांडीमागच्या पट्टीवरचे आकडे, म्हणजे मिनिटाला किती ठोके, ४० ते २०८, पण एकेकाने वाढत नाहीत: ६० पासून ७२ पर्यंत तीन-तीनने, तिथून १२० पर्यंत चार-चारने, पुढे सहाने आणि मग आठने. ६४ हवे असतील तर मिळणार नाहीत. मला ही अडचण वाटत नाही, उलट ‘एक खाच वर’ हे सात वर्षांच्या मुलालाही लगेच समजतं. माझा नियम असा की सगळ्यात अवघड बार (ठराविक मात्रांचा एक तुकडा) ज्या वेगाला लागोपाठ तीनदा न अडखळता येतो, तोच त्या आठवड्यापुरता सगळ्या धड्याचा वेग. अडखळलं की मूल आपणहून वजन एक खाच वर सरकवून वेग कमी करतं. ‘हळू वाजव’ हे वाक्य मला मग क्वचितच म्हणावं लागतं.

याचा खरा फायदा स्केल, म्हणजे ओळीने सूर, घेताना दिसतो. उजव्या हाताने सी मेजर घ्या. सी, डी, ई ही पहिली तीन बोटं, मग अंगठा हाताखालून एफवर. सगळ्यांना ठेच इथेच लागते. ६० ला लावून एका ठोक्याला दोन सूर घ्यायला सांगा. ई ठोक्यावर येतो आणि एफ बरोबर मधे पडायला हवा, पण अंगठा उशिरा पोचतो, धपकन पडतो आणि पुढचा जी घाईघाईने उरकला जातो. नुसतं ऐकून मुलाला हे पटत नाही, लंबकाकडे बघत वाजवलं की त्याचं त्यालाच दिसतं. उपाय असा: दुसऱ्या बोटाने डी वाजला की अंगठ्याने आत सरकायला सुरुवात करायची. काही दिवस एका ठोक्याला एकच सूर घ्या, म्हणजे अंगठ्याला एफवर जाऊन थांबायला वेळ मिळतो.

धडा बसला की ठोके कमी करा. ८० चा धडा असेल तर वजन ४० वर ठेवा. आता दर दोन मात्रांना एकच टिक, मधली मात्रा विद्यार्थ्याने सांभाळायची. नंतर तीच टिक दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर धरायला सांगा. मोठ्यांचीसुद्धा तारांबळ उडते. याच्या पुढे मात्र ॲपच सरस. किल्लीचं यंत्र ४० च्या खाली जात नाही आणि दोन बार गप्प राहून परत सुरू होणं त्याला जमत नाही.

बाकीचे दोष. पूर्ण किल्ली दिली तरी शिकवणी संपायच्या आत झोका लहान होत जातो आणि यंत्र थांबतं. घंटी दोन, तीन, चार आणि सहा मात्रांनाच वाजते, शिवाय आवाज कर्कश आहे. तीन मात्रांचा वॉल्ट्झ सोडला तर मी ती बंदच ठेवते. अपराइट (उभ्या) पियानोच्या लाकडावर ठेवलं तर टिकटिक दुप्पट मोठी वाटते, आणि हेडफोन लावून डिजिटल पियानोवर सराव करणाऱ्याला ती नीट ऐकूच येत नाही. आकड्यांच्या पट्टीवर छापलेल्या ‘अँडान्टे’, ‘अलेग्रो’ या वेगाच्या नावांच्या मर्यादा कंपनीगणिक बदलतात, तेव्हा त्यांवर फार विसंबू नका.

चौकस विद्यार्थी जुन्या नोटेशनवरचं ‘एम. एम.’ म्हणजे काय ते विचारतातच. मेल्त्सेलचा मेट्रोनोम. मेल्त्सेलने १८१५ मध्ये त्याचं पेटंट घेतलं, पण मूळ युक्ती ॲमस्टरडॅममधल्या विंकेलची. दांडीच्या खालच्या टोकाला, पेटीच्या आत, दुसरं वजन लपवलेलं असतं, म्हणून एवढीशी दांडी इतकी सावकाश डोलते. हे सांगितलं की मुलं झाकण उघडून बघायला धावतात.

जुना, वापरलेला घेत असाल तर सपाट टेबलावर ठेवून डोळे मिटून ऐका. टिक आणि टॉक यांच्यातलं अंतर सारखं नसेल, म्हणजे यंत्र लंगडत असेल, तर आधी एका बाजूला खाली घडी केलेला कागद सरकवून बघा. तेवढ्याने चाल सुधारली तर दोष टेबलाचा. नाही सुधारली तर घेऊ नका. आणि ४० वर लावून जरा वेळ चालू द्या. हळू वेगाला धडपणे चालत नाही, ते यंत्र शिकवणीच्या कामाचं नाही.