टायमरवाला सिग्नल की बिनआकड्याचा? रोजच्या रस्त्यासाठी मी काय निवडलं

कोथरूडहून शिवाजीनगरला स्कूटरवर जायला मला दोन रस्ते आहेत, अंतर जवळपास सारखं, खड्डेही सारखेच. एकावरचे बहुतेक सिग्नल उलटे आकडे मोजणारे आणि दुसऱ्यावरचे अ‍ॅडाप्टिव्ह, म्हणजे गाड्यांची रांग बघून हिरव्याचा वेळ कमीजास्त करणारे, आता वेळच ठरलेली नसेल तर आकडा दाखवणार तरी कुठला. परवा ऑफिसात नवीन आलेल्याने विचारलं की कुठून येऊ, म्हणून म्हटलं लिहूनच टाकतो.

टायमरचं सुख मोठं आहे हे आधी कबूल करतो. ९० दिसलं की गाडी बंद करायची, हेल्मेटची काच पुसायची, निवांत. दोन वर्षं मी याच रस्त्याने गेलो आणि बाकीच्यांनाही तेच सांगायचो.

बिनआकड्याच्या सिग्नलला सुरुवातीला जाम वैताग येतो. गाडी बंद करावी की नको कळत नाही, मध्येच वाटतं बंदच पडलाय की काय हा. मग सगळेजण माना वाकड्या करून आडव्या रस्त्याच्या खांबाकडे बघत बसतात, तिकडे पिवळा झाला की इकडे सगळ्यांचे हात अ‍ॅक्सिलरेटरवर. पण सकाळी लवकर, आडव्या रस्त्याला कुणी नसताना, तो उगाच ताटकळत ठेवत नाही हे खरं.

पिवळ्याचा घोळ दोन्हीकडे आहेच. पिवळा धरा ३ सेकंद. ताशी ५० ने जाताना तेवढ्यात गाडी साधारण ४२ मीटर जाते, आणि ब्रेक करकचून न दाबता थांबायचं म्हटलं तर मेंदूला कळायचा एक सेकंद धरून ४५ च्या आसपास मीटर लागतात. म्हणजे मधल्या पट्ट्यात सापडलात की पुढेही जाता येत नाही आणि नीट थांबताही येत नाही. १९६० मध्ये गाझिस, हरमन आणि मॅराडुडिन या तीन संशोधकांनी यावरच गणित मांडलं होतं, त्यामुळे यात सगळा दोष चालवणाऱ्याचाच असतो असं नाही. आता यावर टायमर हा उपाय वाटतो ना, हिरव्याचे ४ उरलेले दिसले तर माणूस आधीच हळू करेल. करतो कुठे! मीच करत नव्हतो, ४ दिसले की उलट पिळायचो.

माझं मत फिरलं ते लालच्या शेवटच्या पाच आकड्यांमुळे. मुलगी मागे बसून मोठ्याने मोजायची, पाच, चार... आणि पाचलाच मागून हॉर्न सुरू. तीनला डावीउजवीकडचे निघालेले, आणि आपण थांबलो तर मागचा रिक्षावाला असा बघतो जसं काही आपण त्याची किडनी मागितली. एकदा त्या हॉर्नला कंटाळून मी दोनला गाडी सोडली आणि आडव्या बाजूने एक टेम्पो त्याच्या हिरव्याचा शेवटचा आकडा गाठायला सुसाट आलेला. माझा आरसा गेला, बाकी काही नाही, पण मुलीने दिवसभर शाळेत कुणाशी धड बोलणं केलं नाही म्हणे.

नंतर डोक्यात प्रकाश पडला. दोन बाजूंच्या मध्ये सगळीकडे लाल असा दोनेक सेकंदांचा जो वेळ ठेवतात तो चौक रिकामा व्हावा म्हणून, आणि टायमर असला की एक बाजू तो पुढून खाते आणि दुसरी मागून. आकडा नसेल तर निदान लवकर निघणाऱ्याला नेमकं कधी निघायचं ते कळत नाही.

तुमचा अनुभव वेगळा असू शकतो, कारने जाणाऱ्याला एसीत कदाचित टायमरच बरा वाटेल, आणि लांब लाल असेल तर पेट्रोलचा हिशोबही टायमरच्याच बाजूने जातो. मला विचाराल तर दुचाकी असेल, त्यात मागे कुणी बसत असेल, तर बिनआकड्याचा रस्ता धरा, आठवड्याभरात सवय होते. मी आकड्यांच्या रस्त्याने आता फक्त रविवारी सकाळी जातो, मुलीला मोजायचं असतं म्हणून, आणि तेव्हा मागे हॉर्न वाजवणारं कुणी नसतं.